हार्बिनला जाताना दशम्या कमी घ्या

प्रश्न असा आला आहे: "जानेवारीत आम्ही सात जण पाच दिवसांसाठी ईशान्य चीनमधल्या हार्बिनला बर्फाचा उत्सव पाहायला जातोय. सासू-सासरे शुद्ध शाकाहारी, सासऱ्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. आम्ही दोघं चिकन-मासे खातो. दीर-जाऊबाई सगळं खातात, फक्त गोमांस नाही. मुलगी नऊ वर्षांची. उणे पंचवीसमध्ये जेवायला बाहेर पडता येतं का? शाकाहारी काही मिळतं का? आणि इथून किती खाऊ न्यावा?"

आधी शेवटचं सांगतो. माणशी दोन वेळच्या दशम्या, एक बरणी कोरडी चटणी आणि मेतकुटाचा डबा. बस. पंधरा किलो फराळ घेऊन गेलेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि परतताना त्यातला दहा किलो हॉटेलच्या खोलीत ठेवून आलेलीही पाहिली आहेत.

मी चिनी भाषेचा दुभाषी. आपल्याकडच्या औष्णिक वीज प्रकल्पांचे इंजिनिअर यंत्रं तपासायला हार्बिनला जायचे, त्यांच्यासोबत मी 2008 पासून कितीतरी हिवाळे तिथे काढले. बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर बनवणारे तीन मोठे कारखाने शहराच्या श्यांगफांग भागात आहेत. दिवसा मी वेल्डिंगच्या अहवालांचं भाषांतर करायचो आणि संध्याकाळी मेनूकार्डांचं. दुसरं काम जास्त जोखमीचं. अहवालात शब्द चुकला तर दुसऱ्या दिवशी बैठक व्हायची, मेनूत चुकला तर माणूस उपाशी झोपायचा. नंतर तीन-चार वेळा सहलीही नेल्या. तेव्हा पुढचं सगळं त्या टेबलांवरचं आहे.

एक गैरसमज आधी काढून टाका. आपल्या गाडीवरच्या 'मंचुरियन'च्या नावात जो मांचुरिया आहे, तो हाच प्रदेश. पण तो पदार्थ हार्बिनमध्ये कुणी ऐकलेलासुद्धा नाही. शेजवान चटणीही विसरा, ती ज्या सिचुआनच्या नावावर खपते तो प्रांत तिथून हजारो किलोमीटर दूर. हार्बिनचं जेवण हे कष्टकऱ्यांचं, शेतकऱ्यांचं जेवण आहे. 1898 मध्ये रशियनांनी इथे रेल्वेचं काम सुरू केलं तेव्हापासून हे शहर वाढलं. शानतोंग प्रांतातून पोटासाठी उत्तरेला आलेली माणसं आपली चूल घेऊन आली, रशियन आपला पाव घेऊन आले, आणि सहा महिन्यांच्या हिवाळ्याने दोघांना शिकवलं की कोबी, बटाटा, मका आणि सोयाबीन यांच्यावरच दिवस काढायचे आहेत. तिखट जवळजवळ नाहीच. आंबट आहे, खारट आहे, लसूण सढळ आहे, आणि वाढप दांडगं आहे. बटाटा, वांगं, घेवडा, मक्याची भाकरी, कण्या, शेंगदाणे ही नावं वाचून तुमच्या सासूबाईंना परकं काय वाटणार?

आता थंडी. बाहेर उणे वीस-पंचवीस असतं हे खरं, पण सरकारी हीटिंग 20 ऑक्टोबर ते 20 एप्रिल चालू असतं आणि घरांत, दुकानांत, हॉटेलांत ऊब असते. आत शिरलात की पहिल्यांदा चष्म्यावर वाफ धरते, मग दोन मिनिटांत घाम येतो. म्हणून एक जाडजूड कोट आणि आत दोन-तीन पातळ कपडे असं असावं, म्हणजे टेबलाशी बसल्यावर उतरवता येतं. कोट खुर्चीवर टाकलात तर त्याला रश्श्याचा वास लागेल. बऱ्याच ठिकाणी त्यावर घालायला खोळ देतात, मागून घ्या.

घड्याळ मात्र बदलावं लागेल. जानेवारीच्या सुरुवातीला चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लोक पाच-साडेपाचला जेवायला बसतात. नदीपलीकडच्या बर्फनगरीत दिवे लागल्यावरच मजा असते, त्यामुळे सगळे पर्यटक आधी तिकडे जातात आणि रात्री साडेआठला कुडकुडत, भुकेले परततात. तोवर चांगल्या जेवणाच्या ठिकाणी स्वयंपाकघर आवरायला लागलेलं असतं. तुम्ही उलटं करा. साडेचारला भरपेट जेवा आणि मग बर्फात जा. पोटात गरम अन्न असलं की त्या थंडीत दीड तास सहज निघतो, रिकाम्या पोटी वीस मिनिटं निघत नाहीत.

सासू-सासऱ्यांचं जेवण

इथे जरा थांबून सांगतो, कारण इथेच मी स्वतः आपटलो आहे.

पहिल्या वर्षी चार शाकाहारी इंजिनिअर सोबत होते. मी ऐटीत सांगितलं, "वो छ सू", म्हणजे मी शाकाहारी आहे. वाढणाऱ्या बाई हो म्हणाल्या. वांग्या-बटाट्याची सुरेख चकचकीत भाजी आली, चौघांनी ताव मारला, आणि अर्धी संपल्यावर एकाला तळाशी खिम्याचे दाणे दिसले. मी बाईंना विचारलं तर त्या मनापासून गोंधळल्या. त्यांच्या हिशेबी भाजी वांग्याचीच होती, मांस फक्त चवीला. त्यांनी फसवलं नव्हतं, चूक माझीच होती. तिथल्या स्वयंपाक्याला 'सू' म्हटलं की पुष्कळदा 'मांसाचे तुकडे नकोत' एवढंच कळतं. चारांपैकी एकाने पुढचे तीन दिवस भात आणि खारे शेंगदाणे खाल्ले, आणि माझ्याशी फक्त वेल्डिंगवर बोलला.

तेव्हापासून मी चार गोष्टी वेगवेगळ्या विचारतो, आणि प्रत्येक पदार्थासाठी विचारतो. मांस नको: "पू याओ रौ". डुकराची चरबी नको: "पू याओ चू-यो", सोयाबीनचं तेल, म्हणजे "तौ-यो", वापरा. मांसाचं पाणी, "काओ-थांग", नको. चौथं म्हणजे कोंबडीच्या अर्काची चवपूड, "ची-चिंग", नको. हे सगळं हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीकडून चिनी लिपीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि आत स्वयंपाक्यापर्यंत पाठवा. फोनमधलं भाषांतर वेटरला दाखवलं की तो मान डोलावतो आणि निरोप आत पोहोचेपर्यंत निम्मा गळतो. कागद गळत नाही.

(उच्चारांबद्दल कंसात: रोमन लिपीत चिनी शब्द वाचताना ग, ब, द दिसले तरी कानाला ते आपल्या क, प, त च्या जवळ लागतात. म्हणून मी इथे तसे लिहिले आहेत. मराठी माणसाला हा फायदा आहे, आपल्याला त आणि थ वेगळे म्हणता येतात.)

आता पदार्थ. पहिला मान "ती-सान-श्येन"चा, म्हणजे 'जमिनीतले तीन ताजे'. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तिन्ही आधी तळून घेतात आणि मग लसूण-सोयाच्या दाट रसात परततात. भरल्या वांग्याच्या घरातल्या माणसाला हे लगेच आवडतं. तेल मात्र भरपूर असतं आणि रसाला स्टार्च लावलेला असतो, म्हणून सासऱ्यांनी चार घास खावेत, वाडगा नाही. मग "थू-तौ-स", बटाट्याचा बारीक कीस. आमचे एक साहेब याला कायम 'कच्ची भाजी' म्हणायचे. कच्ची नसते. कीस पाण्यात धुऊन त्यातला स्टार्च काढून टाकतात आणि मोठ्या आचेवर मिनिटभर परतून व्हिनेगर घालतात, कुरकुरीत राहावी म्हणूनच हा खटाटोप. आपल्यासारखी मऊ करून द्या म्हटलं तर स्वयंपाक्याला तो अपमान वाटेल. पहिल्या दिवशी नाक मुरडलेली माणसं चौथ्या दिवशी हीच भाजी मागतात.

"कान-तौ-फू" म्हणजे कापडासारखा पातळ, कोरडा टोफू. ईशान्य चीनची ही खास चीज. लांब हिरव्या मिरच्यांसोबत करतात, पण त्यात डुकराच्या मांसाचे काप टाकायची पद्धत आहे, तेव्हा कागद पुढे करा. हाच टोफू "चान-च्यांग-त्साय" नावाच्या ताटात कच्चा येतो. काकडी, कांद्याची पात, मुळा, कोथिंबीर, पाला हे सगळं त्या टोफूच्या घडीत गुंडाळायचं आणि सोयाबीनच्या खारट, आंबूस "ता-च्यांग"मध्ये बुडवायचं. भाकरीसोबत कच्चा कांदा नि ठेचा खाणाऱ्याला याची चव समजावून सांगावी लागत नाही. फक्त ता-च्यांगमध्ये अंडं किंवा खिमा परतलेला नाही ना, ते विचारा. "ला-फी" म्हणजे मुगाच्या स्टार्चचे रुंद, पारदर्शक, थंडगार पट्टे. काकडी, तिळाची पेस्ट, व्हिनेगर, लसूण यांच्यासोबत कालवतात. वरचे मांसाचे धागे, "रौ-स", काढायला सांगा. मुलीसाठी "सोंग-रन यू-मी", मक्याचे दाणे आणि चिलगोजासारखे पाइनचे दाणे, थोडं गोड.

भात मात्र खास मागवा. हार्बिनच्याच हद्दीत वूछांग नावाचा तालुका आहे आणि तिथला तांदूळ अख्ख्या चीनमध्ये नावाजलेला आहे. भात किंचित चिकट, वासाचा. इंद्रायणीच्या भाताची आठवण होते. तिकडे भात शेवटी आणतात, तोवर आपल्या माणसांच्या भाज्या संपलेल्या असतात, म्हणून ऑर्डर देतानाच "भात आत्ता" म्हणून सांगा. गरम वूछांग भातावर मेतकूट घालून तूप नाही म्हणून हळहळणारे सासरे मला आत्ताच दिसतायत.

आणि कण्या. "ता-छा-झ चौ" म्हणजे मक्याच्या भरड कण्या, राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांसोबत तास-दोन तास शिजवलेल्या. मीठ नाही, साखर नाही. एरवी ही न्याहारी किंवा गरिबाचं जेवण. विदर्भातल्या एका फोरमननं पहिला चमचा घेतला आणि म्हणाला, "हे तर आमच्या आजीचं."

आणखी एक सुरक्षित ठिकाण म्हणजे "छुन-पिंग", कागदासारख्या पातळ पोळ्या. पोळ्या वेगळ्या येतात, भाज्या वेगळ्या. तुम्ही भरता, गुंडाळता, खाता. बटाट्याचा कीस, मोड आलेली कडधान्यं, टोफू एवढं मागवलं की सासू-सासऱ्यांचं जेवण झालं आणि दीर-जावेने आपलं काय गुंडाळायचं ते गुंडाळावं. लाओछांग हे या पोळ्यांचं हार्बिनमधलं जुनं, प्रसिद्ध नाव. एकाच टेबलावर दोन पंगती बसवायच्या असतील तर याहून सोयीचं जेवण शहरात नाही.

मोमोसारखे "च्याओ-झ" जागोजाग मिळतात. चिनी लसणाच्या पातीचे आणि अंड्याचे मिळतात, पण त्यात कधी सुकटीचे बारीक दाणे असतात, आणि उकळायचं पातेलं सगळ्यांना एकच असतं. शुद्ध शाकाहारी म्हणजे पातेलंही वेगळं हवं, अशा विचाराचे सासू-सासरे असतील तर ते टाळाच. मग ची-लस या 1920च्या दशकातल्या बौद्ध मंदिराकडे चक्कर टाका, किंवा नकाशात "सू-श-क्वान", म्हणजे शाकाहारी खाणावळ, शोधायला हॉटेलात सांगा. मंदिराच्या परंपरेतलं 'सू' म्हणजे खरंखुरं सू, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो.

लोखंडी कढई

तुम्ही दोघं आणि दीर-जाऊबाई यांनी एक संध्याकाळ "थ्ये-क्वो-तुन"साठी राखून ठेवा. हार्बिनला जाऊन बर्फ न पाहता आलात तर मी समजून घेईन, ही कढई चुकवली तर नाही.

टेबलाच्या मधोमध विटांच्या चुलीत हातभर रुंदीची लोखंडी कढई बसवलेली असते. काही ठिकाणी बसायलाही गरम ओटा असतो, "खांग" म्हणतात त्याला. खेड्यांतल्या घरांत याच ओट्याखालून चुलीचा धूर खेळवतात आणि रात्री त्यावरच झोपतात. तुमच्यासमोर कढईत कोंबडी, बटाटा, घेवडा, रताळ्याच्या स्टार्चच्या जाड शेवया पडतात, रस्सा उकळू लागतो. मग मावशी मक्याच्या पिठाचा गोळा हातावर थापटतात आणि सपकन कढईच्या आतल्या कडेला, रश्श्याच्या वर मारतात. एक, दोन, आठ. वर झाकण. चाळीस मिनिटं कुणी झाकण उघडायचं नाही. उघडलं तर भाकऱ्या खालच्या रश्श्यात घसरतील, असा मावशींचा दम असतो. झाकण निघतं तेव्हा भाकरीची कढईकडची बाजू खरपूस, वरची मऊ आणि खालची कड रश्श्यात भिजलेली असते. ती खालची कड हीच गंमत. आणि तिच्यामुळेच ही भाकरी सासू-सासऱ्यांना चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाफवून मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

तुम्ही कोंबडी आणि "चन-मो" आळंबी घ्या. हेझलच्या झुडपांखाली उगवणारी, रानातून गोळा करून वाळवलेली ही बारीक देठाची आळंबी कोंबडीच्या रश्श्याला जो मातीचा, पावसाळी वास देते, त्याला तोड नाही. मासेही असतात, गोड्या पाण्यातले, काट्यांचे. मुलगी सोबत असताना कोंबडी बरी. तिकडे खरा मान मात्र "ता-अ"चा, म्हणजे पाळीव हंसाचा. एकदा मी सरळ 'हंस' असं भाषांतर केलं, तर एका साहेबांना सरस्वतीचं वाहन आठवलं आणि त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. पुढच्या टेबलापासून मी 'मोठं बदक' म्हणू लागलो. भाषांतरात एवढी मुभा असावी.

कढईचा भाव वजनावर असतो आणि वजन "चिन"मध्ये. एक चिन म्हणजे अर्धा किलो. जिवंत मासा किंवा अख्खा हंस निवडायचा असेल तर दर चिनचा की नगाचा, आणि एकूण किती, हे कॅल्क्युलेटरवर टाकून घ्या, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. 2016च्या फेब्रुवारीत हार्बिनमध्ये पर्यटकांच्या एका टेबलाला माशासकट जेवणाचं दहा हजार युआनच्या वर बिल लागलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर शहर फार जपून वागतं. 2024च्या नववर्षाच्या तीन दिवसांत तिथे तीस लाखांहून अधिक पर्यटक आले, तेव्हा लोकांनी त्यांना लाडावूनच ठेवलं. तरीही वजनाचा हिशेब आधीच करावा.

सात माणसांना किती पदार्थ? चीनमध्ये एरवी माणसं तितके पदार्थ असा ठोकताळा सांगतात. हार्बिनमध्ये तो पाळलात तर अर्धं अन्न उरेल. कढई असेल तर तिच्यासोबत तीन, नसेल तर एकूण पाच. इथे ताट वाढून येत नाही. सगळं मधोमध ठेवतात आणि ज्याने त्याने घ्यायचं. शाकाहारी भाज्या सासू-सासऱ्यांच्या बाजूला ठेवा आणि त्यांना वेगळा वाढायचा चमचा मागून घ्या. फिरतं टेबल असेल तर ते एकाच वेळी दोघांनी फिरवू नये, एवढं मुलीला समजावून सांगा.

बाकीचं, भराभर

दीर-जाऊबाईंसाठी "क्वो-पाओ-रौ". डुकराच्या मांसाचे पातळ रुंद काप बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळून दोनदा तळतात आणि साखर-व्हिनेगरच्या पाकात एकदाच उलटतात. टेबलावर येताना व्हिनेगरची वाफ नाकात जाते आणि ठसका लागतो. नाही लागला तर पदार्थ शिळा समजा. गोष्ट सांगतात ती अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्बिनच्या ताओथाईच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीतला आचारी चंग शिंगवन याने रशियन पाहुण्यांच्या गोड-आंबट जिभेसाठी एका खारट पदार्थाचा हा अवतार केला. दक्षिणेला ल्याओनिंग प्रांतात टोमॅटो सॉसचा लाल प्रकार मिळतो. हार्बिनकराला तो दाखवू नका, आपल्याकडे मिसळीवरून जसे वाद होतात तसा होईल.

मेनूवर नुसतं "रौ" असलं तर ते डुकराचं. गोमांस "न्यू-रौ", हे दोन अक्षरं तरी पाठ करा. "छिंग-चन" लिहिलेली ठिकाणं मुस्लिम पद्धतीची. तिथे डुक्कर किंवा त्याची चरबी नाही, पण गोमांस हमखास आहे. "स्वान-त्साय", आंबवलेला कोबी, हिवाळ्याआधी घरोघर मोठाल्या मडक्यांत दगडाखाली दाबून ठेवतात. चव अप्रतिम, पण डुकराच्या चरबीशिवाय तो शिजवायचा असतो हे तिथल्या कुणालाच पटत नाही, तेव्हा शाकाहारी ताटात तो येणं कठीण.

रशियन वारसा पाहायचा तर मध्यवर्ती रस्ता, चोंगयांग ताच्ये. सुमारे दीड किलोमीटरचा दगडी रस्ता, दगड 1924 मध्ये बसवलेले. ह्वामेई हे रशियन पद्धतीचं उपाहारगृह तिथे 1925 पासूनचं. रशियन जेवणाऐवजी हार्बिनने शंभर वर्षांत त्याचं काय केलं, ते खायला जा. लाल सूप बऱ्याच ठिकाणी बीटापेक्षा टोमॅटो-कोबीवर अधिक असतं आणि त्यात गोमांस असतं. मडक्यात शिजवलेला प्रसिद्ध पदार्थही गोमांसाचाच. म्हणजे तुमच्या घरातल्या सगळ्यांना इथे अडचण. आत जाऊन पाव, सॅलड, चहा घ्या आणि छताकडे बघा. खरेदीसाठी छ्योलिन, म्हणजे रशियन चुरिन या व्यापाऱ्याची पेढी, 1900 पासून हार्बिनमध्ये. तिचा "ता-ल्ये-पा" हा उशीएवढा गोल, आंबूस पाव, जाड सालीचा. खोलीवर आणलात तर सासूबाईंची चटणी त्यावर छान लागते. धुरावलेलं, लसणाचं लाल सॉसेज दीरांसाठी, तिथेच खाऊन संपवा, मांसाचे पदार्थ भारतात आणायच्या भानगडीत पडू नका. "क-वा-स" हे पावापासून आंबवलेलं गोडसर पेय मुलीला आवडेल, सासऱ्यांना नको, साखर फार.

सकाळी एक दिवस हॉटेलची न्याहारी सोडून होंगच्वान रस्त्यावरच्या पहाटबाजारात जा. लवकर जा, नऊपर्यंत आवराआवर सुरू होते. सोयाबीनचं गरम दूध, तळलेले लांब "यो-थ्याओ" (तिकडे त्यांना "ता-क्वो-झ" म्हणतात), भरडधान्याच्या चिकट पिठात गोड घेवड्याचं पुरण भरलेले "न्येन-तौ-पाओ". हा शेवटचा पदार्थ उकडीच्या मोदकाचा दूरचा भाऊ आहे, नारळ माहीत नसलेला. रस्त्यावर भाजलेलं रताळं घ्या. एकादशीच्या रताळ्यापेक्षा दुप्पट गोड, आणि पहिली पाच मिनिटं ते खाण्याऐवजी हातात धरून ठेवायचं असतं. उघड्यावर गरम खाऊ मिनिटभरात गार होतो, म्हणून एकाच वेळी सात पुड्या घेऊ नका, एक घ्या, संपवा, दुसरी घ्या.

पैसे: अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपला तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडून घ्या, बहुतेक टेबलांवर मेनूच क्यूआर कोडमध्ये असतो. पण थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट शून्यावर येते. फोन आतल्या खिशात, शरीराला लागून, आणि थोडे रोख युआन सोबत.

त्याच आतल्या खिशात सासऱ्यांचं इन्सुलिन. हे मी सगळ्यात कडक शब्दांत सांगतो. आपण उन्हाळ्यापासून इन्सुलिन वाचवायला शिकलेलो, इथे उलट आहे. एकदा गोठलं की ते वापरायचं नाही, परत वितळलं तरी नाही. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून बर्फनगरीत गेलात तर ते गेलंच. आणि पाच वाजता जेवायचं ठरलं तर इंजेक्शनच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. वाटेत साखर घसरली तर म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. चॉकलेट बाहेर दगड होतं, चावत नाही.

पाण्याची काळजी नको. कुठेही बसलात की आधी गरम पाणी नाहीतर भाजलेल्या जवाचा चहा समोर येतो. सासूबाईंना हा देश एवढ्यासाठी तरी आवडेल. हाक मारायची तर "फू-वू-युआन" हा पुस्तकी शब्द; मावशी असतील तर "ता-च्ये" आणि पोरगा असेल तर "ता-क" म्हणा, म्हणजे ताई आणि दादाच. भाकरी वेगळी वाफवून हवी असेल तर या दोन शब्दांनी अर्धं काम होतं.

मुलीला आइसक्रीम नाही म्हणू नका. मध्यवर्ती रस्त्यावर माद्येअर हॉटेल आहे, 1906चं, त्याच्या नावाची दुधाची कांडी लोक उणे वीसमध्ये रांग लावून खातात. विक्रेत्यांना फ्रीज लागत नाही, खोकी उघड्या रस्त्यावर मांडलेली असतात. कांडी वितळत नाही, ओघळत नाही, आणि दातांनी तोडावी लागते. बोरांएवढ्या आंबट लाल फळांवर साखरेचा काचेसारखा पाक चढवलेल्या "थांग-हू-लू"च्या काड्याही तशाच उघड्यावर टांगलेल्या असतात.

शेवटच्या रात्री खोलीवर "तोंग-ली" आणा, गोठवलेली नासपती. काळीकुट्ट, दगडासारखी, बघून कुणालाही वाटेल सडलीय. भांडंभर गार पाण्यात बुडवून ठेवा, गरम नाही. अर्ध्या-पाऊण तासात फळाभोवती बर्फाचं कवच धरतं आणि आतलं फळ सुटतं. कवच टिचकीने फोडा, सालीला छोटंसं भोक पाडा आणि रायवळ आंबा चोखतो तसं चोखा. थंड, गोड रस नुसता वाहत येतो. 2024च्या गर्दीत हार्बिनच्या हॉटेलांनी दक्षिणेतल्या पाहुण्यांसाठी हीच नासपती कापून, बशीत सजवून द्यायला सुरुवात केली, त्यावर गावातली जुनी माणसं अजून हसतात. तुम्ही बशी मागू नका. टॉवेल मात्र जवळ ठेवा, कोपरापर्यंत ओघळ येतात.